गाठीआधीचं इन्सुलिन

प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट लवकर कळते: पेशी नुसत्या अन्नावर वाढत नाहीत. साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं असं सगळं घातलेल्या द्रावणात निरोगी पेशी ठेवल्या तर त्या काही काळ तग धरतात, पण विभागत नाहीत. विभागण्यासाठी त्यांना गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्ताचं सीरम लागतं, कारण त्यात वाढीचे घटक आणि संप्रेरकं असतात. सीरम टाळायचं असेल तर बहुतेक वेळा इन्सुलिन वेगळं घालावं लागतं. म्हणजे पेशीला अन्न जसं लागतं तशी वाढण्याची परवानगीही लागते, आणि ती परवानगी शरीराकडून येते. कर्करोगाची पेशी या परवानगीवाचून, किंवा अगदी थोड्या परवानगीवर, वाढायला शिकलेली असते. नवी मुंबईत राहून या क्षेत्रात काम करताना मूत्रपिंडाच्या कर्करोगाकडे मी याच बाजूनं पाहत आले आहे. या आजारात वाढीचे निरोप कोण देतं हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ते केव्हा दिले जातात हाही. माझं म्हणणं असं आहे की इन्सुलिनसारख्या चयापचयाच्या संप्रेरकांचं खरं कार्यक्षेत्र गाठ होण्याआधीच्या दीर्घ काळात आहे. गाठ झाल्यावर सूत्रं तिच्या स्वतःच्या वाढीच्या घटकांच्या हाती जातात. हे दोन काळ वेगळे धरले नाहीत म्हणून या विषयात खोट्या आशाही निर्माण झाल्या आणि खोटी निराशाही.

संप्रेरकं आणि कर्करोग यांच्या नात्याचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. डॉ. वसंत खानोलकरांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. तीच संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट या नावानं टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि या शतकाच्या सुरुवातीला खारघरच्या टेकड्यांलगत, आज ज्याला आपण ॲक्ट्रेक म्हणतो त्या संकुलात, स्थिरावली. या परंपरेतल्या डॉ. कमल रणदिवे पुण्याच्या. हुजूरपागेत शिकलेल्या, खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळवलेल्या, आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धनाचं तंत्र शिकून आलेल्या. मुंबईत त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू हे तिन्ही एकत्र कसे काम करतात याचा शोध घेतला. त्यांनी १९७३ साली सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेचं मुख्यालय वाशीत आहे. मला त्यांच्या कामातली पद्धत मोलाची वाटते. आजाराचं एकच कारण शोधण्याऐवजी त्यांनी बीजदोष, शरीरातली परिस्थिती आणि बाहेरचा धक्का यांची सांगड तपासली. मूत्रपिंडाच्या कर्करोगाला आज नेमकी हीच पद्धत हवी आहे.

स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग संप्रेरकांशी जोडलेला आहे हे आता सर्वसामान्य वाचकालाही ठाऊक असतं. मूत्रपिंडाचं नाव त्या यादीत सहसा घेतलं जात नाही, कारण आपण मूत्रपिंडाला गाळणी समजतो. ते संप्रेरकांचं मोठं केंद्र आहे. तांबड्या पेशी तयार करायला अस्थिमज्जेला सांगणारं एरिथ्रोपोएटिन तिथे बनतं, रक्तदाबाची सूत्रं हलवणारं रेनिन तिथे बनतं, ड जीवनसत्त्वाला अखेरचं कार्यक्षम रूप तिथे मिळतं. म्हणूनच या अवयवातली गाठ अनेकदा भलत्याच वाटेनं समोर येते: कुणाचं हिमोग्लोबिन विनाकारण वाढलेलं असतं, कुणाचं रक्तातलं कॅल्शियम, कुणाचा रक्तदाब. लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारा गोळा ही पाठ्यपुस्तकातली तीन लक्षणं एकत्र दिसणारे रुग्ण दहात एकही नसतात. आणखी एक बाब कमी बोलली जाते. रक्तातलं इन्सुलिन गाळणीतून खाली उतरतं आणि लगतच्या नलिकेच्या पेशी ते आत ओढून घेऊन मोडतात. मूत्रपिंडं निकामी होऊ लागलेल्या मधुमेहींना इन्सुलिनचा डोस कमी करावा लागतो तो बऱ्याच अंशी यामुळेच. या आजाराचा सर्वांत मोठा प्रकार, क्लिअर सेल कार्सिनोमा, नेमक्या याच नलिकेच्या पेशींतून उद्भवतो. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण ज्या पेशीवर आपण संशय घेतो आहोत ती पेशी जन्मभर इन्सुलिनच्या प्रवाहात उभी असते, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही.

गाठीच्या स्वतःच्या निरोपांची गोष्ट आता बरीच स्पष्ट झाली आहे. डोळ्यांचे जर्मन डॉक्टर ऑयगन फॉन हिपेल आणि स्वीडिश विकृतिशास्त्रज्ञ आर्विड लिंडाउ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्णन केलेल्या एका आनुवंशिक आजारात डोळ्यांत आणि मेंदूत रक्तवाहिन्यांच्या गाठी होतात, आणि अशा कुटुंबांत मूत्रपिंडाचा कर्करोगही होतो. त्याला कारणीभूत असलेलं व्हीएचएल हे जनुक १९९३ साली सापडलं. आनुवंशिकतेचा संबंध नसलेल्या क्लिअर सेल गाठींतही बहुतेक वेळा हेच जनुक बिघडलेलं आढळतं. त्याचं काम काय, हे ज्या संशोधनातून उलगडलं त्यासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. पेशीत पुरेसा प्राणवायू असताना एचआयएफ नावाचं प्रथिन व्हीएचएलच्या मदतीनं सतत नष्ट केलं जातं. प्राणवायू कमी पडला की ते टिकतं आणि नव्या रक्तवाहिन्या मागवणारं व्हीईजीएफ, तांबड्या पेशी मागवणारं एरिथ्रोपोएटिन, साखर आत घेणारी वाहक प्रथिनं आणि पेशीला वाढायला सांगणारे घटक यांची निर्मिती सुरू होते. व्हीएचएल बिघडलं तर प्राणवायू भरपूर असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते. ती चरबी आणि ग्लायकोजेन साठवत राहते. सूक्ष्मदर्शकासाठी नमुना तयार करताना ते विरघळून जातं आणि पेशी रिकामी, पारदर्शक दिसते. क्लिअर सेल हे नाव त्यावरूनच पडलं. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसते ती चयापचयाची विकृतीच.

इथे एक प्रयोग मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. व्हीएचएल नसलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगपेशींत केलिन यांच्या गटानं १९९० च्या दशकात हे जनुक पुन्हा घातलं. बशीत या पेशी पूर्वीसारख्याच वाढत राहिल्या. उंदराच्या शरीरात मात्र त्यांच्या गाठी होईनात. काचेच्या बशीत जे दिसलं नाही ते शरीरात दिसलं, याचं कारण आमच्या रोजच्या पद्धतीत आहे. पेशीसंवर्धनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका द्रावणात लिटरमागे साडेचार ग्रॅम ग्लुकोज असतं. रक्ततपासणीच्या हिशेबात ते ४५० होतं, निरोगी माणसाच्या उपाशीपोटी साखरेच्या चौपटीहून जास्त. इन्सुलिन घातलं तर ते रक्तातल्या पातळीच्या हजारो पट असतं, आणि इतक्या प्रमाणात ते स्वतःच्या ग्राहीबरोबरच (ग्राही म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन) आयजीएफ या वाढघटकाच्या ग्राहीलाही जाऊन चिकटतं. बशीतली पेशी कायम पोटभर जेवलेल्या शरीरात राहते म्हणा ना. उपास, जेवण, पोटावरची चरबी, वीस वर्षं हळूहळू वाढत गेलेलं इन्सुलिन, यातलं काहीच तिच्या अनुभवाला येत नाही. त्यामुळे चयापचयाच्या संप्रेरकांचा प्रश्न फक्त बशीत सुटणारा नाही. त्याचा पुरावा माणसांत शोधावा लागतो.

माणसांतला पहिला मोठा पुरावा काळाचा आहे. २०१८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी गाठींच्या जनुकसंचातले बदल मोजून मागे हिशेब केला, तेव्हा असं दिसलं की ज्या भागात व्हीएचएल असतं तो तिसऱ्या गुणसूत्राचा तुकडा अनेक रुग्णांत बालपणी किंवा किशोरवयातच गळलेला होता, आणि तोही मोजक्या काही शे पेशींत. गाठ सापडली ती तीस-चाळीस वर्षांनी. म्हणजे पहिली चूक शाळेच्या वयातली आणि आजार पन्नाशी-साठीचा. मधली दशकं काय घडत होतं? दुसरा पुरावा २०२४ साली आला. अकरा देशांतल्या साडेनऊशेहून अधिक रुग्णांच्या गाठींचे संपूर्ण जनुकसंच तपासले गेले. तंबाखूच्या धुरानं किंवा अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पतींनी डीएनएवर सोडलेल्या खुणा त्यात ओळखता आल्या. लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब यांची मात्र अशी खूण सापडली नाही, आणि हे दोन्ही या आजाराचे प्रस्थापित धोके आहेत. याचा मी लावते तो अर्थ सरळ आहे: ते डीएनए मोडत नाहीत. आधीच चुकलेली पेशी जगावी, वाढावी, अशी परिस्थिती ते तयार करतात. ज्याला आपण धोका म्हणतो तो इथे इजा करण्यात नसून इजा झालेल्याला पोसण्यात आहे, आणि पोसण्याचं काम संप्रेरकांचं.

मग नेमकं कोणतं संप्रेरक? लठ्ठपणाचा संबंध तर पक्का आहे. २००८ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या संकलनात बॉडी मास इंडेक्स पाच अंकांनी वाढला की मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका पुरुषांत सुमारे २४ टक्के आणि स्त्रियांत सुमारे ३४ टक्के वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ साली अतिरिक्त वजनाशी निश्चित संबंध असलेल्या १३ कर्करोगांची यादी केली, त्यात मूत्रपिंड आहे. पण वजन हे गाठोडं आहे; त्यात इन्सुलिन आहे, लेप्टिन आहे, कमी झालेलं अ‍ॅडिपोनेक्टिन आहे, रक्तदाब आहे, साखर आहे. गाठोडं सोडवण्यासाठी २०१९ साली दहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेला अभ्यास मला सर्वांत उपयोगी वाटतो. माणसाला जन्मतः मिळालेली जनुकं त्याच्या पुढच्या सवयींवर अवलंबून नसतात. म्हणून ज्यांची जनुकंच इन्सुलिन वाढवणारी आहेत त्यांना हा आजार जास्त होतो का, असा प्रश्न विचारता येतो. उत्तर आलं की उपाशीपोटीचं इन्सुलिन जास्त ठेवणाऱ्या जनुकांसोबत धोका स्पष्ट वाढतो. वजन वाढवणाऱ्या जनुकांसोबतही, आणि खालचा रक्तदाब वाढवणाऱ्या जनुकांसोबत काहीसा. रक्तातली साखर, टाइप २ मधुमेह, कोलेस्टेरॉल यांच्या जनुकांसोबत तसा ठोस संबंध दिसला नाही. साखर नाही, इन्सुलिन. यंत्रणाही जुळते. इन्सुलिन वाढलं की आयजीएफला बांधून ठेवणारी काही प्रथिनं यकृतात कमी बनतात, मोकळं आयजीएफ वाढतं, आणि दोघांचेही निरोप पेशीत ज्या एमटॉर नावाच्या केंद्रापाशी एकत्र येतात ते केंद्र पेशीला मोठं व्हायला आणि विभागायला सांगतं.

यावर पहिली हरकत डॉक्टर मंडळी घेतात आणि ती रास्त आहे. आजकाल मूत्रपिंडातल्या कितीतरी गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक सापडतात. लठ्ठ माणसांच्या तपासण्या जास्त होतात, म्हणून त्यांच्यात गाठी जास्त सापडतात, बाकी काही नाही, असं का म्हणू नये? काही अंशी हे खरं असेलच. पण सगळा प्रकार तपासणीचाच असता तर साखर आणि कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या जनुकांसोबतही धोका वाढलेला दिसायला हवा होता, कारण दवाखान्याच्या पायऱ्या सर्वांत जास्त चढतात ते मधुमेही आणि हृदयरोगी. तसं दिसलं नाही. दुसरी हरकत अधिक काळजीची: मग इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं काय? इथे नि:संदिग्ध लिहायला हवं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा हजारांहून अधिक लोकांना ग्लार्जिन इन्सुलिन किंवा नेहमीचे उपचार देऊन सहा वर्षं पाहिलं गेलं आणि कर्करोगाचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं. मधुमेही घेतो ते इन्सुलिन त्याच्या शरीरातली उणीव भरतं. हा लेख वाचून कुणी ते बंद करणं म्हणजे कल्पित धोक्यासाठी खरा धोका पत्करणं होईल. मी बोलते आहे ते ज्यांचं स्वादुपिंड साखर ताब्यात ठेवण्यासाठी वर्षानुवर्षं जास्तीचं इन्सुलिन ओततं आहे आणि ज्यांच्या साखरेचा अहवाल त्यामुळेच नॉर्मल येतो, त्यांच्याबद्दल.

तिसरी हरकत सर्वांत तगडी समजली जाते. इन्सुलिन-आयजीएफची वाट इतकी महत्त्वाची, तर ती अडवणारी औषधं का फसली? आयजीएफचा ग्राही रोखणारी प्रतिपिंडं मोठ्या आशेनं फुप्फुसाच्या आणि इतर कर्करोगांत वापरली गेली आणि निराशा पदरी आली. मेटफॉर्मिननं इन्सुलिन कमी होतं म्हणून स्तनाच्या कर्करोगाच्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवर ते तपासलं गेलं. २०२२ साली निष्कर्ष आला की फायदा नाही. त्यातच लठ्ठपणाचं कोडं आहे: लठ्ठ माणसाला मूत्रपिंडाचा कर्करोग जास्त होतो, पण झाल्यावर लठ्ठ रुग्ण सरासरीनं जास्त जगतात. या तिन्ही गोष्टी इन्सुलिनविरुद्धचा पुरावा म्हणून मांडल्या जातात. मला त्या काळाच्या फरकाचा पुरावा वाटतात. स्वतःचे वाढीचे घटक स्वतःच बनवू लागलेल्या गाठीला शरीराच्या परवानगीची फारशी गरज उरत नाही. त्या टप्प्यावर परवानगी काढून घेऊन उपयोग काय? लठ्ठपणाच्या कोड्यातही आजारानं खंगलेले रुग्ण बारीक दिसतात हा भाग मोठा आहे, आणि भरपूर पोषणाच्या शरीरात वाढलेली गाठ स्वतःच्या बळावर जगायला कमी शिकलेली असावी ही शक्यताही संशोधक गंभीरपणे तपासत आहेत. एकच संप्रेरक आधी घातक आणि नंतर निरुपद्रवी ठरू शकतं, यात विसंगती काही नाही.

गाठीनंतरचे निरोप कोणते, हे औषधांनीच दाखवून दिलं आहे. २००५ च्या डिसेंबरात सोराफेनिब आणि पुढच्याच महिन्यात सुनिटिनिब या गोळ्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन्ही व्हीईजीएफचे ग्राही रोखतात. सुनिटिनिबनं आजार थोपवून धरण्याचा काळ जुन्या इंटरफेरॉनच्या पाच महिन्यांवरून अकरा महिन्यांवर नेला. एमटॉर अडवणारं एव्हरोलिमस २००९ साली आलं, आणि थेट एचआयएफवर काम करणारं बेल्झुटिफान २०२१ साली. या औषधांचे दुष्परिणाम मी नेहमी पुरावा म्हणून वाचते. सुनिटिनिबनं रक्तदाब वाढतो आणि थायरॉइड मंदावतं. एव्हरोलिमसनं रक्तातली साखर आणि चरबी वाढते, कारण इन्सुलिनची वाट त्याच केंद्रातून जाते. बेल्झुटिफाननं हिमोग्लोबिन उतरतं, कारण एरिथ्रोपोएटिनची निर्मितीच आवळली जाते. औषध गाठीचा निरोप तोडतं तेव्हा निरोगी शरीराचाही तोच निरोप तुटतो. अलीकडे प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांची जोड मिळाल्यापासून पसरलेल्या आजारातही काही रुग्ण वर्षानुवर्षं चांगले राहतात, पण पूर्ण बरे होणारे थोडे.

आणि या वाटेवरचा खर्च आपल्याला पेलत नाही. सोराफेनिबचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार रुपये होता तेव्हा मुंबईतल्या पेटंट कार्यालयात नॅटको कंपनीनं सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी देशातला असा पहिला परवाना दिला आणि महिन्याची किंमत ८,८८० रुपयांवर आली. पेटंटधारक बायर कंपनीनं तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला, निर्णय टिकला. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी तो फार मोलाचा होता. पण त्यानंतर आलेल्या प्रत्येक औषधामागे तोच प्रश्न नव्यानं उभा राहिला आहे. गाठीनंतरचे निरोप तोडणं आवश्यक आहे, ते काम थांबता कामा नये. तरीही फक्त त्याच टोकाला पैसा आणि बुद्धी ओतत राहणं म्हणजे आधीची तीस वर्षं हातातून जाऊ देणं आहे.

आता शेवटची, आणि मला स्वतःला सर्वांत अवघड वाटणारी हरकत. मधुमेहाच्या आणि इन्सुलिन प्रतिरोधाच्या बाबतीत भारत जगात पुढे आहे. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मग मूत्रपिंडाचा कर्करोग आपल्याकडे कमी का? जगात वर्षाला सुमारे ४ लाख ३० हजार लोकांना हा आजार होतो, त्यात भारतातले अंदाजे १७ हजार. लोकसंख्येच्या मानानं पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत फारच थोडे. याचं एक उत्तर नोंदींत आहे, कारण जिथे सोनोग्राफी पोहोचत नाही तिथली गाठ मोजली जात नाही. दुसरं उत्तर असं की इन्सुलिन हे एकटं कारण नव्हेच. पहिली चूक, तंबाखू, रक्तदाब, वय हे सगळं लागतं, आणि आपली लोकसंख्या अजून तरुण आहे. तिसरं उत्तर मला पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, मात्र शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ साली लॅन्सेटमध्ये दोघांच्या छायाचित्रासह आलेली ही छोटी नोंद जगभर गाजली. त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या गटानं गर्भवतींचा अभ्यास सुरू केला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, बारीक हातापायांची, पण चरबी राखून असलेली. पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तातही वजनाच्या मानानं इन्सुलिन आणि लेप्टिन जास्त आढळलं. म्हणजे ज्या संप्रेरकाची आपण पन्नाशीत चौकशी करतो ते आपल्याकडे जन्मापासून चढं असू शकतं. त्या गावांतली मुलं आता तिशीच्या आसपास आहेत. पहिली चूक होण्याचं वय उलटून गेलं, गाठीचं वय अजून यायचं आहे. त्यामुळे आजचं कमी प्रमाण हे उद्याच्या कमी प्रमाणाची हमी मानता येत नाही.

माझ्या मांडणीतला कच्चा दुवा मी लपवत नाही. जनुकांचा जो अभ्यास मी वर प्रमाण मानला तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झाला. किशोरवयातल्या चुकीचा हिशेबही तिथल्याच रुग्णांवरून आला. आपल्या लोकांत इन्सुलिनची भूमिका जास्त असेल की कमी, हे तर्कानं ठरणार नाही. त्यासाठी इथली माहिती लागेल. ती गोळा करण्याची पाळंमुळं महाराष्ट्रात आहेत. देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली बार्शीला. या नोंदण्या अवयव, वय, पेशीचा प्रकार नीट टिपतात. त्यांच्या जोडीला रुग्णालयांनी मूत्रपिंडाच्या गाठीच्या प्रत्येक रुग्णाची आजारापूर्वीच्या वजनाची माहिती, कमरेचा घेर, रक्तदाब, मधुमेहाचा काळ, घेतलेली औषधं आणि शस्त्रक्रियेआधी उपाशीपोटीचं इन्सुलिन एवढं लिहून ठेवलं तरी पाच-दहा वर्षांत आपल्या प्रश्नाचं आपलं उत्तर हाती येईल. याला महागडं यंत्र लागत नाही. मोजपट्टी, एक साधी रक्ततपासणी आणि नेमानं भरलेला फॉर्म लागतो.

नवी मुंबईला हे काम विशेष शोभेल. सिडकोनं १९७० पासून आखून वसवलेल्या या शहरात कर्करोगाची देशातली महत्त्वाची प्रयोगशाळा आहे, आणि तिच्या आजूबाजूला बेलापूर, वाशी, ऐरोली, पनवेलच्या कचेऱ्यांत, लोकलमध्ये, कारखान्यांच्या पाळ्यांत दिवस बसून काढणारी, तिशीतच पोट सुटलेली, साखर अजून नॉर्मल असलेली मोठी पिढी आहे. तिला आज कुणी रुग्ण म्हणत नाही. साखर नॉर्मल आली की तपासणी संपते. मला वाटतं तिथे ती सुरू व्हावी: पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या वर गेली असेल, रक्तदाब चढू लागला असेल, तर साखरेचा आकडा कितीही चांगला असला तरी शरीर तो जास्तीच्या इन्सुलिनवर राखतं आहे असं धरून चालावं. त्यावरचे उपाय ओळखीचे आहेत. चालणं, झोप, ताटातला मैदा आणि साखर कमी करणं, रक्तदाबाची गोळी न चुकवणं, तंबाखू सोडणं. त्यांनी मूत्रपिंडाचा कर्करोग टळेलच असं वचन मी देणार नाही. पण या उपायांमागे हृदयविकारासाठी आणि मधुमेहासाठी आधीच भक्कम पुरावा आहे, त्यामुळे माझा तर्क चुकला तरी कुणाचं नुकसान होणार नाही, आणि बरोबर ठरला तर लाभ फार मोठा आहे. गाठ झाल्यावर तिच्या निरोपांशी लढण्याची उत्तम शस्त्रं विज्ञानानं दिली आहेत. गाठीआधीच्या निरोपांशी लढण्यासाठी तशी शस्त्रं येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. ते काम कंबर मोजण्यापासून आजच सुरू करता येतं, आणि कर्करोगाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्ही सर्वांनी ते आपलंच काम मानायला हवं.